वरच्या मजल्यावरचा कार्यक्रम

“एवढे मोठे होऊन?” आजींनी मला विचारलं.

आवाजात राग नव्हता, खवचटपणाही नव्हता. जांभळ्या इरकलीतल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या बाई मुळात आमच्या कार्यक्रमाच्या नव्हत्याच. खालच्या मजल्यावर त्यांच्या नातवाचा साखरपुडा होता. खालच्या बाथरूमला रांग, म्हणून कठडा धरून त्या वर आल्या आणि परत उतरण्याआधी गुडघ्यांना जरा विसावा म्हणून दाराजवळच्या खुर्चीत टेकल्या. शेजारच्या खुर्चीत मी होतो. समोर ऐरोलीचा एक मुलगा लावणी करत होता. पायांत खरे चाळ, नऊवारी चापूनचोपून नेसलेली, केसात गजरा. आजींनी थोडा वेळ मांडीवर बोटांनी ठेका धरला आणि मग लग्नघरात शेजारच्याला सहज विचारावं तसं विचारलं, “यातला तुमचा कोण?” वयावरून त्यांनी मला कुणाचा तरी बाप धरलं असणार. मी म्हणालो, “माझं कुणी नाही. यातला मीच.” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. पिकलेले केस, चष्म्याची दोरी, खिशाला लावलेलं पेन. मग ते वाक्य.

पुढे कित्येक दिवस ते माझ्या डोक्यात घोळत राहिलं. बँकेत व्हाउचरवर सही करताना, स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत, रात्री आईच्या गोळ्या काढून ठेवताना. एवढे मोठे झालात तरी हे खूळ गेलं नाही, असं म्हणायचं होतं का त्यांना? की एवढे मोठे झालात आणि इथे यायला आज सवड मिळाली, असं? पहिला अर्थ ऐकायची मला सवय आहे. दुसरा बोचला.

कार्यक्रम प्राइडचा होता, म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी अशा आम्हा सगळ्यांचा. जून महिना, शनिवारची संध्याकाळ, ठाण्याच्या नौपाड्यातलं एक जुनं मंगल कार्यालय. मोर्चा नाही, ट्रक नाही, ढोल नाही. आपल्याकडे जूनमध्ये मोर्चा काढला तर झेंड्यांपेक्षा छत्र्याच जास्त दिसायच्या. मुंबईची मोठी प्राइड यात्रा थंडीच्या अखेरीला निघते ती उगीच नाही. ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे इथल्या वीस-पंचविशीतल्या पोरापोरींनी वर्गणी काढून वरचा हॉल घेतला होता. अर्जावर कारण काय लिहायचं यावर म्हणे बराच खल झाला आणि शेवटी ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ लिहिलं. त्यामुळे फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने दोनच ओळी होत्या. ‘साखरपुडा – तळमजला’ आणि ‘कार्यक्रम – वर’. कसला, ते नाही. जिन्याखाली ओल्या चपलांचा ढीग, त्यात साखरपुड्याच्या जरीच्या मोजड्या आणि आमच्यातल्या कुणाच्या तरी उंच टाचांच्या चंदेरी सँडल एकात एक गुंतलेल्या. खालून मसालेभाताचा आणि मोगऱ्याचा वास येत होता, वर स्प्रे आणि दमट कपड्यांचा. वॉचमन येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता, “मुलाकडचे की मुलीकडचे?” आमची पोरं त्यावर एवढी हसायची की शेवटी त्याने विचारणं सोडलं आणि माणूस बघून नुसतं बोट दाखवायला लागला, वर किंवा खाली. सगळे बरोबर ओळखले त्याने. मला मात्र खाली पाठवलं. मीही निमूट गेलो, मनगटावर अत्तर लावून घेतलं, पेढा खाल्ला आणि मग जिना चढलो.

त्याची तरी काय चूक? मी खालच्याच मजल्याचा माणूस दिसतो. जन्म नौपाड्यातला, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, नोकरी बँकेत. आमच्या गल्लीत कुणाची मुंज असो, कुणाचं बारावं असो, खुर्च्या किती लागतील, पाण्याचे जार कुठून आणायचे, हॉलवाल्याशी भांड्यांच्या पैशावरून कुणी वाद घालायचा, हे सगळं माझ्याकडे. सोसायटीच्या गणपतीचा हिशेब माझ्याकडे, म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले माझ्याकडे. लग्न न केलेल्या पुरुषाला आपल्याकडे जागा नसते असं म्हणतात, ते खरं नाही. भरपूर जागा असते. फक्त ती वाढप्याची असते. पंगतीत पान मांडलेलं नसतं. लोक प्रेमाने वागतात, हक्काने हाक मारतात, आणि एक प्रश्न सगळ्यांनी मिळून न विचारायचा ठरवलेला असतो. तिशीत विचारायचे. स्थळं यायची, पत्रिका यायच्या, कांदेपोहे खाऊन मी नकार कळवायचो आणि आई प्रत्येक वेळी नवं कारण शोधून समोरच्यांना फोन करायची. चाळिशीनंतर सगळे थकले. मग मी ‘दादा’चा ‘काका’ झालो आणि प्रकरण मिटलं.

मिटलं म्हणजे माझ्यापुरतं कुठे मिटणार होतं?

दिवाळीच्या पहाटे राम मारुती रोडला आणि तलावपाळीला काय गर्दी असते हे ठाणेकरांना सांगायला नको. अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून अख्खं गाव एकमेकांना बघायला बाहेर पडतं. गाण्याबिण्याचा कार्यक्रम असतो तो निमित्ताला. माझ्या कॉलेजच्या दिवसांतही पोरं घोळक्याने उभी राहायची, मुलींचे घोळके समोरून जायचे आणि कोपराने ढोसाढोशी चालायची. मीही त्याच घोळक्यात, उटण्याच्या वासाचा, नव्या कुडत्याच्या घड्या अंगावर टोचत असलेला. माझं लक्ष मुलींकडे नाही, ज्याचं कोपर मला लागत होतं त्याच्याकडे होतं. तो आता घोडबंदरला राहतो, दोन मुली आहेत, त्यातल्या एकीचं शैक्षणिक कर्ज मीच करून दिलं. त्या पहाटे मला वाईट वाटायचं असंही नाही. गर्दी आवडायची, थंडी आवडायची, सगळ्या गावाबरोबर असणं आवडायचं. फक्त मी जे बघत होतो ते कुणाला दाखवता येत नव्हतं.

दाखवायचं तर मुंबईला जायचं. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आली, हे आम्हाला शाळेत छाती फुगवून शिकवलं गेलं. मला ती आली त्यापेक्षा परत गेली हे जास्त महत्त्वाचं वाटत आलंय. ठाण्याच्या माणसाला स्वतःसारखं वागायचं झालं की तो गाडी पकडतो. २००८ मध्ये मुंबईत पहिली यात्रा निघाली ती मी दुसऱ्या दिवशी पेपरात पाहिली, ऑफिसच्या डब्यासोबत घडी करून. पुढे काही वर्षांनी धीर करून ऑगस्ट क्रांती मैदानावर गेलो. बरेच जण मुखवटे घालून आले होते, पिसांचे, चमकीचे, कागदी. मीही घेतला. मुखवट्याआड घाम येतो, स्वतःचाच श्वास गरम होऊन परत तोंडावर येतो, पण घोषणा मात्र मोठ्याने देता येतात. गिरगावच्या गॅलऱ्यांतून बायका हात हलवत होत्या. एका बाईने वरून टाळ्या वाजवल्या तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसता येईना, मुखवटा होता. आयुष्यातल्या चांगल्या संध्याकाळींपैकी ती एक. परत येताना दादरला गाडी बदलली, गालावरचा रंग रुमालाने पुसला, आणि मुलुंड गेलं की खिसे तपासले, एखादा बिल्ला राहिला नाही ना. ठाणे आलं तेव्हा मी पुन्हा बँकेतला माणूस होतो. वर्षानुवर्षं असंच चाललं. मुंबईत मी कुणाचा नव्हतो म्हणून मोकळा होतो. तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं हेच तिथलं सुख.

याच वर्षांत कायदाही माझ्यासारखाच ये-जा करत होता. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आम्हाला सोडवलं, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने परत आत घातलं. साडेचार वर्षांत मी निर्दोष होऊन पुन्हा गुन्हेगार झालो आणि आमच्या गल्लीत कुणाला पत्ता लागला नाही. मी नेहमीप्रमाणे गणपतीचे हिशेब लावत होतो. मग ६ सप्टेंबर २०१८. गुरुवार, गणपती बरोबर आठवड्यावर. संध्याकाळी घरी आलो तर आई जमिनीवर मखराचे पुठ्ठे पसरून बसलेली आणि टीव्हीवर बातमी, सर्वोच्च न्यायालयाने आम्हाला पुन्हा सोडवल्याची. पाच न्यायाधीश, दिल्लीत नाचणारी पोरं, खाली पळणाऱ्या ओळी. मी चपला काढून तसाच उभा राहिलो. आईने मान वर न करता विचारलं, “आता पोलीस धरत नाहीत ना?” मी म्हणालो, “नाही.” “बरं. मग मखराला मोतिया देऊया की आकाशी?” या विषयावर आमच्यात झालेलं एवढंच बोलणं. आकाशी दिला.

त्याआधी पाटल्यांचं झालं होतं. सुनेसाठी म्हणून आईने तिच्या सासूच्या पाटल्या कपाटात मलमलीच्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. दर दसऱ्याला काढून रिठ्याच्या पाण्यात धुवायची आणि परत ठेवायची. बहिणीच्या मुलीच्या लग्नात तिने त्या सरळ भाचीच्या हातात घातल्या. मला आधी विचारलं नाही, नंतर सांगितलं नाही. जेवताना फक्त म्हणाली, “पडून राहण्यापेक्षा वापरात राहतील.” मी आमटी ओरपत राहिलो. तिने किती वर्षांपूर्वी ओळखलं असेल आणि त्या पाटल्या तरीही धुवायची ती का, हे मला अजून विचारवलेलं नाही.

तर असा मी, मनगटावर साखरपुड्याचं अत्तर लावून, वरच्या हॉलमध्ये शिरलो. आणि खरं सांगायचं तर पहिला तासभर मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. दाराशी एक मुलगी सगळ्यांच्या छातीवर नावाच्या चिकटपट्ट्या लावत होती. मला म्हणाली, “काका, नाव काय लिहू? आणि तुम्हाला काय म्हणायचं, तो, ती की ते?” मी म्हणालो, “अहो.” ती खळखळून हसली आणि तेच लिहिलं. पण आत गेल्यावर पोरांचे आवाज एकदम खाली आले. शाळा तपासणीला साहेब आले की वर्ग गप्प होतो, तसं. त्यांची भाषा वेगळी, विनोद वेगळे, एकमेकांना ओळखण्याच्या खुणा वेगळ्या. माझ्या उमेदीच्या काळात आम्ही लोकलच्या शेवटच्या डब्यात नजरेने माणसं हुडकायचो. यांना फोनवर अंतरासकट कळतं, अमुक मुलगा चारशे मीटरवर आहे. हेवा वाटला, थोडा रागही आला. आपल्याच माणसांत आलो की आपोआप आपलं वाटतं हे थोतांड आहे. उलट तिथे जास्त परकं वाटतं, कारण आता सबब उरत नाही.

मला वाचवलं ते माईकने. तो चालेना. वायर पोचत नव्हती, प्लगची पिन जाड होती आणि पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. मी सवयीप्रमाणे घरून एक्स्टेंशन बोर्ड आणला होता. मंगल कार्यालयात कधीच पुरेसे प्लग नसतात हे मला अनेक मुंजींनी शिकवलंय. बोर्ड लावला, वायरीवर चिकटपट्टी मारली, खुर्च्या मधे वाट ठेवून लावून घेतल्या. छताला सहा रंगांच्या फिती बांधायच्या होत्या, त्या स्टुलावर चढून बांधल्या. फिती जांभळी नाक्यावरून आणलेल्या. दुकानदाराने विचारलं म्हणे, जूनमध्ये कसलं नवरात्र? सॅन फ्रान्सिस्कोत १९७८ साली गिल्बर्ट बेकरने केलेल्या प्राइडच्या पहिल्या झेंड्यात आठ पट्टे होते, पुढे गडद गुलाबी कापड पुरेसं मिळेना म्हणून तो पट्टा गळाला असं सांगतात. जांभळी नाका जवळ असता तर ही वेळ आली नसती. माणसं कमी आली म्हणून नावाच्या पट्ट्यावाली मुलगी रडकुंडीला आली होती. तिला मी सांगितलं की २ जुलै १९९९ ला कोलकात्यात निघालेल्या पहिल्या यात्रेत अवघी पंधरा माणसं होती. तिने लगेच डोकी मोजली आणि म्हणाली, “आपण जास्त आहोत, काका.”

कार्यक्रम सुरू झाला. कुणी कविता वाचली, कुणी रडलं, कुणी फारच लांबलं. कळव्याच्या एका तृतीयपंथी ताईंनी ओळखपत्राची कहाणी सांगितली ती मात्र सगळ्यांनी कान देऊन ऐकली. त्यांनी अर्ज केला तेव्हा २०१९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकारी प्रमाणपत्र द्यायचे, अर्ज पोर्टलवर करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र. ते मिळालं, पण त्यानंतर आधारवर नवं नाव, दहावीच्या दाखल्यावर जुनं आणि पासबुकावर तिसरंच, आईवडिलांनी लाडाने लावलेलं. एका खिडकीवरचा माणूस त्यांना म्हणाला होता, तिघांनाही घेऊन या. त्या स्वतःच हे सांगताना इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. ठाण्याला हे सगळं नवं आहे असंही नाही. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी ठाण्याच्याच, त्या टीव्हीवर दिसल्या की लोक ‘आपल्या ठाण्याच्या’ म्हणतात, आणि त्याच संध्याकाळी गाडीत टाळी ऐकली की पर्स पोटाशी धरतात.

मग नावाच्या पट्ट्यावाल्या मुलीने मला न विचारताच माईकवरून सांगून टाकलं, की काका बँकेत आहेत, पैशाचं काही विचारायचं असेल तर कोपऱ्यातल्या टेबलाजवळ जा. मी तिथे बसेपर्यंत रांग लागली होती. विचारायला बरंच होतं. १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी लग्नांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लग्न हा मूलभूत अधिकार नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा. नवरात्राची तिसरी माळ होती. टेंभी नाक्याच्या देवीच्या रांगेत उभं राहून मी फोनवर निकाल वाचला होता. लग्नाचं दार बंद झालं, पण बारीकसारीक खिडक्या आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला काहीही आडकाठी नाही. त्याबद्दलचं पत्र आमच्या शाखेतही आलं होतं. सगळ्यांनी त्यावर ‘वाचले’ म्हणून सह्या केल्या, मीही केली, आणि चहाच्या सुट्टीत पुन्हा उघडून वाचलं. हे मी त्या टेबलावर बसून पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

रांगेत कोपरखैरण्याच्या दोघी होत्या. चाळिशीच्या, एकीच्या हातात ओली घडीची छत्री, दुसरीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत सगळी कागदपत्रं. इमारतीत मावस बहिणी म्हणून राहतात. फ्लॅट एकीच्या नावावर आहे, हप्ते दोघींनी भरले. छत्रीवाली म्हणाली, “हिला नॉमिनी केलंय, म्हणजे झालं ना?” मला सांगावं लागलं की नाही झालं. नॉमिनी म्हणजे मालक नाही. सोसायटीतही तात्पुरतं सभासदत्व मिळतं, पण उद्या वारसदार उभे राहिले तर हक्क त्यांचा. माहेरी भाऊ आहेत का? आहेत, दोन. मग मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी, आणि दोन साक्षीदार लागतात. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. पिशवीवाली हळू आवाजात म्हणाली, “साक्षीदार कुठून आणायचे? शेजाऱ्यांना सांगितलं तर सगळंच सांगावं लागेल.”

बँकेत एवढ्या वर्षांत मी असंख्य कागदांवर साक्षीदार म्हणून सही केली आहे. ते काम आहे, त्यात विचार करायचं काही नसतं. “एक मी होतो,” मी म्हणालो. मागे रांगेत उभ्या असलेल्या कळव्याच्या ताई लगेच म्हणाल्या, “दुसरी मी. नाव कुठलं टाकायचं ते तेवढं सांगा.” पिशवीवालीने कागद काढले, परत ठेवले, परत काढले. मग माझा फोन नंबर त्या पिशवीवरच बॉलपेनने लिहून घेतला. प्लास्टिकवर शाई बसेना, तिने दोनदा गिरवला.

यानंतर लावणी झाली आणि आजी आल्या. ‘एवढे मोठे होऊन?’ वर मी काहीच बोललो नाही. काय बोलणार? आजी तशाच बसून राहिल्या. चाळांचा आवाज ऐकून खालची दोन पोरं वर आली होती, त्यातल्या छोटीने गालावर इंद्रधनुष्य काढून घेतलं होतं; तिची आई जिन्यातूनच हाका मारत होती, पुढे येत नव्हती. “लग्न नाही केलंत?” आजींनी विचारलं. “नाही.” त्या मान हलवत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “बरं केलंत. आमच्या वाड्यात एकाने केलं होतं, घरच्यांनी बळेच उभा केला. त्या पोरीचे काय हाल झाले ते मी बघितलेत. तोही मग एक दिवस निघून गेला.” कुठला वाडा, कुठे निघून गेला, मी विचारलं नाही. खालून कुणीतरी ‘आजी, अंगठ्या घालायच्यात’ म्हणून ओरडलं. उठताना त्यांनी आधारासाठी माझ्या खांद्यावर भार दिला आणि लावणीच्या मुलाकडे बोट करून म्हणाल्या, “काष्टा मात्र ह्याला जमलाय.” छोटीला धरून खाली गेल्या. गालावरचं इंद्रधनुष्य तिच्या आईने जिन्यातच पदराने पुसलं, ते मी वरून पाहिलं. आजींनी अडवलं नाही.

नऊला हॉल सोडायचा होता. सतरंज्या त्याच लावणीच्या मुलाबरोबर झटकून घडी केल्या. त्याने नऊवारीचा पदर खोचला होता आणि चमकीने सगळा चेहरा लखलखत होता. “काका, पुढच्या वर्षी मोर्चा काढूया. गडकरी रंगायतनपासून तलावपाळीला फेरी,” तो म्हणाला. माझ्या पोटात गोळा आला. त्या रस्त्यावर माझे खातेदार राहतात, शाळेचे सर राहतात, घोडबंदरवाल्या मित्राची सासुरवाडी आहे. मी म्हणालो, “पोलीस परवानगीचा अर्ज खूप आधी द्यावा लागतो.” त्याला तो होकार वाटला. मलाही नंतर तसंच वाटलं.

खाली व्यवस्थापक वही उघडून बसलेले. आमची चांगली ओळख. याच टेबलाशी मी त्यांच्याशी भांडी, वीज, जास्तीचा तास यांवरून कैक वाद घातलेत. मला बघून म्हणाले, “अरे, तुम्ही? साखरपुड्याला होय?”

“नाही. वरच्या कार्यक्रमाला.”

त्यांनी चष्मा वर केला. जिन्यावरून पोरं उतरत होती, लावणीवाला, चंदेरी सँडल हातात घेतलेलं कुणीतरी, कळव्याच्या ताई. व्यवस्थापकांनी सगळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग वहीत. “वर फरशीला चमकी लागलीय,” ते म्हणाले. “झाडूने निघत नाही. डिपॉझिटमधून पाचशे कापावे लागतील.”

“खाली अक्षता आहेत, फुलांचा चिखल आहे, जिलबीचा पाक सांडलाय. त्यांचे कापलेत?”

“त्यांचं नेहमीचं असतं हो.”

“मग मी काय आज नवा आलोय?”

थोडं ताणलं. अडीचशेवर आले, मी दोनशेवर आणलं. पावतीपुस्तक ओढून त्यांनी विचारलं, “कुणाच्या नावाने करू? बुकिंगवर कुणा मुलाचं आहे, त्याने पत्ता अर्धवटच दिलाय.” मागे वळून पाहिलं तर ज्याच्या नावावर बुकिंग होतं तो मुलगा भिंतीवरचं घड्याळ बघायला लागला होता, त्याच्या घरी क्रिकेटच्या मॅचला जातो म्हणून सांगितलेलं. “माझ्या नावाने करा,” मी म्हणालो. त्यांनी नाव विचारलं नाही, त्यांना पाठ होतं. नाव लिहिलं, इमारतीचं लिहिलं, गल्लीचं लिहिलं, आणि कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं. फळ्यावरचा खडूचा शब्द तिथेही लिहून मोकळे झाले: कार्यक्रम.

“तुमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीय ना?” पावती फाडता फाडता त्यांनी विचारलं. “किती टक्के जास्त देतोय?” मग बिल्डर, भाडं, पार्किंग, आमच्या सेक्रेटरीचा हट्ट, सगळंच निघालं. त्यांचाही तोच घोळ चालू होता, त्यांना वकिलाचा नंबर हवा होता. बाहेर पावसाने जोर धरला होता आणि फाटकाशी पोरं छत्रीत तिघंतिघं उभी राहून ओरडत होती, “काका, चला ना, भूक लागलीय, आणि तुमचा बोर्ड वरच राहिलाय!”